भिंगाखालचं भोक

शेगावच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबीर लागलं होतं. विमलबाईंच्या पुढे वरवट बकाल गावचं एक म्हातारं जोडपं रांगेत बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मुठीत पितळी दांड्याचं भिंग होतं. विमलबाईंनी मान खाली घातली, पण कान काही मिटता येत नाहीत.

“डॉक्टरले खरं सांगजा. मागच्या खेपेसारखं ‘दिसते’ म्हणू नका.”

“दिसतेच तं! या भिंगानं रोज अंगणात पोथी वाचून दाखोतो ना तुले?”

“हाव, दाखोता.”

“एक तरी ओवी चुकली काय?”

“नाही चुकली.”

“मंग?”

“भर उन्हात भिंग धरून बसता तुम्ही. एक दिवस त्याच्याखाली पान पेटलं. म्या हातानं इझोलं.”

“मले तं उदबत्तीचा वास वाटला.”

“पानाले बोटभर भोक पडलं. तुम्ही भिंग त्या भोकावरच धरून वाचत राह्यले.”

म्हाताऱ्यानं भिंगाच्या काचेवरून अंगठा फिरवला.

“अवं, तवाच काऊन नाही सांगतलं?”

“गावात पोथी वाचणारे तुम्हीच एक. सांगून काय करू?”

“कोणत्या पानाले पडलं?”

“आता कोणतं सांगू? धड एकबी राह्यलं नाही.”

विमलबाईंची नजर म्हातारीच्या चट्टे पडलेल्या तळहाताकडे गेली, ती त्यांनी लगेच काढून घेतली.

आतून हाक आली, “उकंडराव! या बाबा. दिसते काय काही?”

म्हाताऱ्यानं चाचपडत भिंग बायकोच्या ओटीत टाकलं.

“हिले इचारा.”