एकसारख्या दोघी

छांगशाच्या परीक्षा केंद्रात इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची रांग होती. माझ्यापुढे दोघी जुळ्या बहिणी होत्या.

“ताई, माझं कार्ड घेतलंस ना?”

“घेतलं. हळू बोल, यीतोंग.”

“जुळ्यांवरचा विषय आलाय म्हणे. ट्विन्स, पेअर... पुढचं सगळं विसरले मी.”

“तुला कशाला आठवायला हवं? तुझ्या नावाने मी जातेय ना आत.”

“दारातल्या यंत्राने ओळखलं तर?”

“आईला आपले चेहरे वेगळे ओळखू येत नाहीत, यंत्राला काय येणार?”

“मग ती मुलगी अंगठा कशाला टेकवतेय?”

“थांब. फॉर्म भरताना तुझा अंगठा घेतला होता?”

“हो. तू विचारलंच नाहीस.”

“यीतोंग, मागे बघू नकोस. पहारेकरी बघतोय.”

“मिआओ यीतोंग,” दारातून पुकारा झाला.

दोघींपैकी कुणीच हललं नाही.