तिसरा डबा मधल्या घरात

या, बसा. पुढे जागा आहे, पण पुढे कुणी बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुढे बसलं की डुलकी काढता येत नाही! असो. देवाला हात जोडा, पेटीवाल्या जोगळेकरांना हात जोडा — देव सांभाळून घेतो, जोगळेकर घेत नाहीत — आणि आजचा प्रश्न ऐका.

प्रश्न असा, मंडळी: घरात मोठा कोण? जो पुढे ओटीवर बसून आल्यागेल्याला 'या' म्हणतो, तो? की जो आतल्या खोलीत बसतो आणि ज्याच्या पाया पडायला सगळे आत जातात, तो? की जो दोघांच्या मधे उभा राहून इकडचं तिकडे देतो, तो?

हां — माना डोलायला लागल्या! 'मधला, बुवा, मधला!' अहो, उत्तर इतकं सोपं असतं, तर हे आख्यान लावलं असतं का मी? तुम्ही म्हणाल मधला. आणि घरी जाऊन मधल्याला विसराल. म्हणून ऐका!

आमच्या शेजारच्या गावात आठल्यांचं घर आहे. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावचे दोघे समोर बसलेत. घर कसं? लांबच लांब! रेल्वेच्या डब्यांसारखी ओळीनं तीन बिऱ्हाडं. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड-दीड हात जाड. पुढच्या बिऱ्हाडात दामूअण्णा — बांधकाम खात्यातून निवृत्त. मधल्या बिऱ्हाडात त्यांचा धाकटा भाऊ बापू आणि बापूची बायको शालनकाकू. आणि पार मागच्या खोलीत या दोघांची थोरली बहीण, आक्का.

आता अण्णा आणि बापू अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण? जमीन? छे! झाडं? छे छे! अण्णांच्या मुलाचं, निरंजनचं लग्न निघालं. पत्रिका छापली. त्यात बापूचं नाव कुठे? 'आपले नम्र'मध्ये सातवं — व्याह्यांच्या मावसमेव्हण्याच्या खाली! सख्खा काका! बापूनं पत्रिका वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. नाव तिथेच! त्या दिवशी दोन्ही घरांच्या मधलं दार जे लागलं, ते लागलं.

हसू नका. तुमच्या घरातली पत्रिका मागवू का?

मग निरोप कसे जायचे? तर आक्कामार्फत! अण्णा अंगणातून वळसा घालून मागे जायचे. "आक्का, त्याला सांग, पंप बंद कर, टाकी वाहत्ये." थोड्या वेळानं बापू आपल्या मागच्या दारानं जायचा. "आक्का, त्यांना सांग, टाकी वाहत नाही, तो नळ वाहतोय." अकरा वर्षं! टाकी वाहत्येच!

तर तो निरंजन गेला डब्लिनला. तिथे त्याला मुलगी झाली. अण्णांची बायको सुनेच्या बाळंतपणाला तिकडे. बारसं ठरलं — रविवार, तिकडचे दुपारचे बारा, म्हणजे आपले साडेचार. आणि बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं, मंडळी? आत्या! पण निरंजनला बहीणच नाही. मग मान कुणाचा? बापाच्या आत्याचा. म्हणजे आक्काचा! निरंजनच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं होतं तेही तिनंच. आता त्याच्या लेकीचं नाव सांगणार, फोनवरून, तोंड दाखवून.

पण आक्का पडली होती न्हाणीघरात. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. सहा आठवडे हलायचं नाही! मोबाइलची रेंज त्या गावात ओढ्यावरच्या साकवावर येते. आक्का साकवावर जात नाही. राहिलं घरातलं वायफाय. ते अण्णांच्या ओटीवर. अण्णांच्या स्वयंपाकघरात गेलं की अर्धं. बापूच्या भिंतीला टेकलं की संपलं.

तिकडून निरंजन म्हणाला, "जमत नसेल तर राहू दे, बाबा. इथे शेजारच्या बाई हौशी आहेत, त्या सांगतील नाव." हे अण्णांनी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, "बरं." एवढंच. अहो, जी बाई डॉक्टरांना अर्धा तास उलट बोलते, ती नुसतं 'बरं' म्हणाली! अण्णा दारातच उभे राहिले.

तसेच तालुक्याला गेले आणि घेऊन आले. काय आणलं? तीन डबे! पांढरे, गोरेगोमटे, राजगिऱ्याच्या लाडवाएवढे — बरं, थोडे मोठे. याला म्हणतात मेश. मेश म्हणजे जाळं. एक राउटर नाही, तीन. एकानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. घरभर एकच नेट!

अण्णांनी कागद वाचला नाही. बांधकाम खात्यातला माणूस, नकाशा वाचायची सवय नाही. एक डबा लावला ओटीवर. एक नेऊन लावला आक्काच्या उशाशी. आणि तिसरा?

सांगा ना! तिसरा डबा आपण कुठे ठेवतो? कपाटात! लोखंडी कपाटात, वरच्या खणात, आहेराच्या चांदीच्या वाट्यांशेजारी. "वेळेला असावा." अहो, ही वेळच आहे! पण नाही. चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, हा आपला धर्म.

आक्काच्या उशाशी लाल दिवा लुकलुकायला लागला. ती ओरडली, "दामू, हा मला डोळा मारतोय रे!"

रविवार उजाडला. जेवणं झाली. तीन वाजले. लालच! शेवटी बाजारातल्या तांडेलबाईंना फोन. या केबलचं काम बघतात, पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेला, स्कूटरवर शिडी. आल्या, घर बघितलं, ओटीवरचा डबा बघितला, मागचा बघितला.

"तिसरा कुठाय?"

"आहे," अण्णा म्हणाले, "सुरक्षित."

"काढा. मधे कोण राहतं?"

"मधे भिंत आहे."

"तिच्या पलीकडे?"

"दुसरी भिंत."

"मग त्या दोन भिंतींच्या आत पंखा कोणाचा कुरकुरतोय?"

अण्णा म्हणाले, "बाहेरून फिरवता नाही यायचं? नाहीतर मागे जास्त ताकदीचा डबा बसवा!"

"अण्णा, कौलं चढवताना बघितलंयत ना? खालचा माणूस मधल्याच्या हातात देतो, मधला वरच्याच्या. तुम्ही मधल्याला घरी पाठवलात आणि खालून कौल भिरकावताय. मागचा डबा काय नेट पैदा करत नाही. आलेलं पुढे देतो. त्याच्यापर्यंत काही आलंच नाही, तर तो देणार काय?"

मंडळी, ही बाई केबल ओढते आणि कीर्तन मी करतो! देवाची व्यवस्था बघा!

अण्णा धावले मागे. "आक्का, बापूला जरा निरोप दे—"

"नाही देणार."

"आक्का!"

"अकरा वर्षं दिले. हा माझ्यासाठीचा आहे. माझ्यासाठी मीच कशी मागू? तू जा."

काय करतात? साडेतीनला अण्णा डबा पोटाशी धरून बापूच्या पायरीशी. शेजारी तांडेलबाई. बापू आपल्या ओटीवर सुपारी कातरतोय. कट्ट. कट्ट. वर बघत नाही.

"बाई, त्यांना विचारा, कशाला आलेत?"

"बाई, त्यांना सांगा, डबा ठेवायचाय."

"बाई, त्यांना म्हणावं, पत्रिकेत जागा नव्हती, आता डब्याला बरी जागा लागते!"

"बाई, त्यांना सांगा, ती चूक छापखान्याची."

"बाई, त्यांना विचारा, छापखान्याला यादी कुणी दिली?"

दोघांत अंतर किती? साडेतीन हात! तांडेलबाईंची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी भडकल्या. "अहो, मी डबा बसवायला आल्येय! डबा व्हायला नाही!"

आतून शालनकाकू फस्सकन हसल्या. बापूनं डोळे वटारले. आणि मग, मंडळी, अण्णांनी बाईंना बाजूला केलं.

"बापू," — अकरा वर्षांनी! — "यादी मीच दिली होती. चुकलं माझं. पण ते राहू दे. आक्का तिकडे दुपारपासून तयार होऊन बसल्ये. नवं पातळ नेसता येत नाही, तर नुसतं प्लास्टरवर पसरलंय. केसांत अबोली माळल्ये. साडेचारला नाव सांगितलं नाही, तर तिचा मान परकी बाई घेईल."

अडकित्ता थांबला.

"हे मला कुणी सांगितलं नाही," बापू म्हणाला.

"कोण सांगणार? तुला सगळं सांगणारी ती, तीच!"

बापूनं सुपारीचं तबक बाजूला सारलं. "कुठे ठेवायचाय?"

पण एवढ्यानं झालं का? इतक्या लवकर झालं असतं, तर तुम्ही साडेसातची मालिका बघायला घरी गेला असतात. बसा! तांडेलबाई मोबाइल घेऊन बापूच्या घरभर फिरल्या. देवापाशी — नाही. टीव्हीपाशी — नाही. बापू म्हणाला, "आक्काच्या भिंतीलाच चिकटवा ना! तिथे नेट नाही, तिथेच हवं."

"नेट नाही तिथे ठेवून काय उपयोग? अजून चांगलं येतंय, अशा जागी ठेवायचं. तिथून तो पुढे देणार." आणि फिरत फिरत थांबल्या कुठे? त्या मधल्या दारापाशी! "इथे. पण दार उघडायला पाहिजे. दगडातून येत नाही आणि पलीकडे कायतरी लोखंडी आडवं आलंय."

काय आडवं? अण्णांचं कपाट! आणि अलीकडून? बापूचं तांदळाचं पत्र्याचं पिंप!

चार वाजले. पलीकडून अण्णा कपाट ढकलताहेत, आतल्या वाट्या खणखणताहेत. अलीकडून नवराबायको पिंप सरकवताहेत. चार दहा. दार मोकळं झालं.

"कडी काढ!" अण्णा पलीकडून.

"कडी तुमच्या बाजूला!"

"माझ्या बाजूला कडी नाही. तुझ्या बाजूला असणार!"

"अहो, इथे नुसतं भोक आहे!"

चार तेरा. मग शालनकाकूंनी पदर खोचला आणि कमरेनं दिला एक धक्का — धाड! दार उघडलं! दोन्ही भाऊ समोरासमोर. दोघांच्या डोक्यांवर कोळिष्टकं.

कडी कुठल्याच बाजूला नव्हती, मंडळी. अकरा वर्षं हा समजत होता त्यानं लावलीय, तो समजत होता यानं लावलीय. ढकलून कुणी बघितलं नव्हतं!

जोगळेकर, जरा सूर धरा. मला पाणी पिऊ द्या.

...तर! उंबऱ्यावर पाट ठेवला. पाटावर डबा. लाल. पिवळा. पुन्हा लाल — शालनकाकूंनी देवाला नारळ बोलला. पिवळा... हिरवा! मागून आक्काची आरोळी, "डोळा मारायचा थांबला रे!"

फोन लागला. तिकडे निरंजननं फोन बाळाच्या कानाशी धरला. तांडेलबाई आक्काच्या खोलीत फोन धरून. शालनकाकू तिच्या पाठीशी — आत्या वाकली की पाठीत धपाटे घालायचे असतात, ते प्लास्टर सांभाळून घातले! अण्णा पुढे ओटीवर, दुसऱ्या फोनवर कानात प्राण आणून. आणि बापू? बापू उंबऱ्यावर डब्याशेजारी. हलला की नेट जाईल म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेतोय!

आक्का वाकली. "कुर्रर्र..." आणि नाव सांगितलं.

आता विचार करा. ते नाव निघालं कुठून? मागच्या खोलीतून. जायचंय समुद्रापार. वाट कुठली? मधल्या घरातून! अण्णांच्या फोनवर चकरी फिरतेच आहे, फिरतेच आहे, ते "हॅलो हॅलो" करताहेत — आणि दारातून बापू ओरडला, "दादा! केतकी! केतकी ठेवलंन नाव!"

अण्णांना नातीचं नाव बापूच्या तोंडून कळलं. नेट मागाहून आलं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

आता तुमच्याकडे वळतो. चुळबुळ नको! मला पत्ते नकोत, नावं नकोत. तुमच्या घरात मधे कुणीतरी आहे. सून असेल, भाऊ असेल, कुणाचाच धड पक्ष न घेणारी एखादी काकू असेल. त्याच्यामुळे तुमचं बोलणं पोचतंय. ते माणूस कधी दिसत नाही, आणि आपण म्हणतो, 'आमचं घर कसं एकत्र आहे!'

म्हणून आज प्रसाद असा वाटायचा. कुणी उठायचं नाही. ताट पहिल्या रांगेत देतोय, मागे मागे द्यायचं. शेजाऱ्याशी बोलत नसाल, तरी त्याच्या हातात द्यायचं. उजवीकडच्या खांबापाशी एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोघे, तुम्हीसुद्धा! द्या... हां, द्या... बघायचं नसेल तर बघू नका, पण द्या! शेवटच्या रांगेतल्या त्या मावशींनी पेढा खाल्ला, की मगच मी आरतीला उभा राहीन.