भावकीचं रक्त आणि परक्याची पिवळी पिशवी

सगळ्यांच्या आधी रक्तपेढीत पोचला तो धनेश, जीपभर भावकी घेऊन. तिथूनच लिहा म्हटलं, तर हवालदार म्हणाले, आजी, आधी नाव. तर मी अंबुबाई कोंडाजी शिवळे, वय आधारकार्डावर एकाहत्तर, काम घरचं आणि दोन म्हशी, राहणार महाळुंगे, तालुका खेड. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी नात तनुजा पिंपरीला दवाखान्यात आहे. तिच्या हाडातला मगज रक्त तयार करत नाही. मंगळवारी नाकातलं रक्त थांबेना, म्हणून प्लेटलेट चढवायच्या होत्या. धनेश माझा पुतण्या. आमच्यात रक्त लागलं की भावकीच देते, परक्याचं घेत न्हाईत. पण रक्तपेढीच्या विजयश्री मॅडम म्हणाल्या, घरच्यांचं तनुजाला नको. तेवढ्यात धनेशला तिच्यासाठी काढून ठेवलेली पिशवी दिसली. पोरगी ओ गटाची, पिशवीवर ए. "पोरीला मारता व्हय?" असं बोलून त्याने पिशवी ओढली. मॅडमना धक्का लागला हे खरं. चष्मा पडला, फुटला नाही.

पिशवी मी त्याच्या हातून काढून घेतली. रक्त कसलं, ताकाच्या निवळीसारखं पिवळं. ते फ्रिजात ठेवत न्हाईत, यंत्रावर सारखं हलवत ठेवतात, तान्ह्या पोरासारखं. मला नवल वाटलं. मी विचारत सुटले, आणि मॅडमही रागावल्या नाहीत.

"आजी, यात लाल पेशी जवळजवळ नसतात, म्हणून वेगळा गट चालतो. फार तर प्लेटलेटचा आकडा थोडा कमी चढेल. ओ ची पिशवी ए च्या पेशंटला द्यायची तर मात्र जपून, कारण त्या पिवळ्या पाण्यात ए शी लढणारे अंश असतात."

"मग हिला ओ चीच का न्हाई?"

"दिल्या, आकडा हलला नाही. खूप पिशव्या झाल्या की अंग परकं ओळखायला लागतं, आलेल्या प्लेटलेट मारून टाकतं. हा दाता तिच्याशी जुळवून शोधलाय."

"आन् भावकी?"

"तिच्या भावाचा, समर्थचा, मगज तिला द्यायचा आहे. घरचं रक्त आधीच दिलं, तर अंग त्या मगजावरही उठेल. तुमचं तिला देऊ नका."

धनेश खालीच बसला. "काकी, मग मी एवढी माणसं कशाला आणली?"

"दुसऱ्याच्या लेकराला द्या की," मी म्हटलं. सगळे रांगेत बसले. धनेशने बाही वर केली आणि, धक्का लागला तेव्हा कुणीतरी फोन केलेला, ते पोलीस आले.

ती पिशवी तनुजाला चढवली. सकाळी आकडा वर, नाक कोरडं, आणि पोरीने भाकरी मागितली. पिशवी ज्याची तो ओंकार, लातूरकडचा, तळवड्यात कंपनीत आहे. तो स्वतः भेटून गेला. त्याला मी खरवस दिला, हे लिहायचं नसलं तर राहू द्या.

धनेशला मॅडमची माफी मागायची आहे, ती त्याला मागू द्यावी. हवालदारांनी सगळं मोठ्याने वाचलं. चष्मा फुटला नाही हे राहिलं होतं, ते घालून घेतलं. बाकी मी बोलले तसंच आहे, म्हणून अंगठा देते. ओंकार तनुजासाठी आणि भावकीतले द्यायचे राहिलेले दुसऱ्यांसाठी, गुरुवारी पुन्हा येतो म्हणालेत. जीप धनेशच चालवतो, त्याला अडकवू नका.