सुलाबाईंच्या रुखवताची वेबसाइट

सुलाआत्या : दार उघडलं, सनई वाजली, तोरण हललं, वरून अक्षतासुद्धा पडल्या. आता गिऱ्हाईक कुठून येतं तेवढं दाखव.

हर्षाली : आत्या, वेबसाइटमध्ये गिऱ्हाईक दिसत नसतं. त्याचा फोन येतो.

सुलाआत्या : नवरात्रात झाली वेबसाइट, आता दिवाळीचा फराळ संपला. फोन आले दोन. एक माझ्याच लेकाचा, महेशचा, पुण्याहून. दुसरा राँग नंबर.

हर्षाली : पण दिसते कशी ते बघ ना! एकेक अक्षता मी वेगळी काढलीय. तुझा सुपारीचा भटजी मान डोलावतो, साखरेच्या बंगल्यात दिवा लागतो. वेब डिझाइनच्या क्लासमध्ये सगळे खुर्च्या सोडून बघायला आले होते.

सुलाआत्या : त्यातल्या कुणाचं लग्न ठरलंय का?

हर्षाली : आत्या!

सुलाआत्या : अगं, केलीयस छानच. शेजारच्या आशाला दाखवली तर अक्षता पडताना तिनं हात जोडले. पण मला काळजी लागलीय गं. महेशनं सांगून ठेवलंय, हा लग्नाचा सीझन बघू. रुखवताचं काम चाललं तर चाललं, नाहीतर सिडकोतलं घर बंद कर आणि पुण्याला ये. तिथं सातव्या मजल्यावर बसून मी करू काय? कबुतरं मोजू?

हर्षाली : म्हणूनच मी क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, तुझी साइट गूगलला दिसतच नाही.

सुलाआत्या : एवढी नटवली तरी?

हर्षाली : नटवली म्हणूनच. गूगलला चित्र कळत नाही, सनई ऐकू येत नाही. त्याला फक्त साधं टाइप केलेलं वाचता येतं. आणि मी तर अक्षरंसुद्धा चित्रातच काढलीत. वेलबुट्टीची.

सुलाआत्या : म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर तू महिनाभर रांगोळी काढलीस, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला वर सनई लावलीस!

हर्षाली : हसू नको ना गं.

सुलाआत्या : हसू नको तर काय करू? पोटात दुखायला लागलं माझ्या. बरं, मग टाइप कर की चार शब्द.

हर्षाली : सरांनी दिलेत लिहून. ऐक हं. ‘रुखवत नाशिक, स्वस्त रुखवत, उत्तम रुखवत, सिडको रुखवत, रुखवत मिळेल, नाशिकमध्ये रुखवत, लग्नाचे रुखवत, सुंदर रुखवत...’

सुलाआत्या : तुझे सर भाजीबाजारात बसतात का?

हर्षाली : बघ ना! माझ्या तोरणाखाली हे असलं घालायचं? मी नाही घालणार. साइट तशीच पडून राहिली तरी चालेल मला.

सुलाआत्या : तुला चालेल. कबुतरं मला मोजायचीत.

हर्षाली : मग तूच सांग. शब्द पाहिजेत, भरपूर पाहिजेत, आणि माझ्या डिझाइनला शोभले पण पाहिजेत.

सुलाआत्या : लग्नात रुखवतापुढे उभ्या राहून बायका काय बोलतात? ‘स्वस्त रुखवत, उत्तम रुखवत’ करतात का? उखाणे घेतात. एकेका वस्तूखाली एकेक उखाणा घाल.

हर्षाली : अय्या! दोन ओळी. खाली भरपूर मोकळी जागा... आत्या, काय दिसेल गं ते! पण एवढे उखाणे आणायचे कुठून?

सुलाआत्या : कुठून म्हणे! अख्ख्या गल्लीच्या सुनांना मी पुरवलेत. घे लिहून. ‘सुपारीच्या भटजीला लवंगेची शेंडी, गल्लीत वाजली अमुकरावांच्या सायकलची घंटी.’

हर्षाली : शेंडी आणि घंटी जुळत नाही.

सुलाआत्या : सायकलला घंटीच होती, त्याला मी काय करू?

हर्षाली : आणि अमुकराव कोण? इथं नाव कुणाचं टाकू?

सुलाआत्या : टाक कुणाचंही.

हर्षाली : कुणाचंही कसं? आतोबांचंच टाकते.

सुलाआत्या : नको गं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी ‘सुलाबाई, नाव घ्या’ म्हटलेलं नाही. तुला माहितीये ना, रुखवत मी करते, पण मांडवात मांडायला आशा जाते. मी डबे रिक्षात ठेवते आणि घरात येऊन बसते. वाईट वाटतं, पण पद्धत आहे, काय करणार.

हर्षाली : हा काही मांडव नाही. इथं मांडायला तूच आहेस.

सुलाआत्या : आणि लोक काय म्हणतील?

हर्षाली : लोक येतच नाहीत, तर म्हणतील काय?

सुलाआत्या : कार्टे! हे मात्र खरं बोललीस. टाक मग. सावळीरामराव. पूर्ण टाक, आखडता हात घेऊ नको.

हर्षाली : ‘गल्लीत वाजली सावळीरामरावांच्या सायकलची घंटी.’ पुढचा?

सुलाआत्या : ‘साखरेच्या बंगल्याला बडीशेपेचं दार, रोज मेथी दिली तरी सावळीरामरावांची नाही तक्रार.’

हर्षाली : खरंच रोज द्यायचीस?

सुलाआत्या : स्वस्त असायची. गुपचूप खायचे बिचारे. पुढं लिही. ‘खसखशीच्या रस्त्यावर चालली साखरेची गाडी, सावळीरामरावांनी आणली जत्रेतून मोरपंखी साडी.’ टाइप होतंय ना? अजून पुष्कळ आहेत. थांबू नको आता.

(दीड महिन्यानंतर, त्याच खोलीत.)

हर्षाली : आत्या, पहिले! ‘उखाणे’ टाकलं की अख्ख्या इंटरनेटवर आपण पहिले! सरांना दाखवलं तर ते चष्मा पुसून परत बघायला लागले. आणि डिझाइनचं एक फूलसुद्धा हललेलं नाही.

सुलाआत्या : पहिले आहोत गं, पण फोन करणाऱ्या सगळ्या उखाणेच मागतात. काल एकीनं तर मांडवातून फोन केला. इकडे ती म्हणते, ‘काकू, लवकर एक छोटा सांगा’, आणि मागून भटजी ओरडतोय, ‘मुलीच्या मामांना बोलवा!’ मी सांगितला. रुखवत मात्र एकीनंही मागितलं नाही. महेश विचारत होता, सामान कधी बांधतेस... वाजला बघ परत. तो स्पीकर लाव, माझे हात खळीनं भरलेत.

धोंडाबाई : हालो! कम्पूटरमधी उखाणे ठिवणाऱ्या बाई तुम्हीच का?

सुलाआत्या : हो, मीच. घाई असेल तर छोटा देऊ का?

धोंडाबाई : आता कशाला? व्हायचं ते झालं. मी सायखेड्याहून धोंडाबाई बोलते. काल आमच्या नातवाचं लगीन झालं. नवी सून शिकलेली, तुमच्या कम्पूटरातला उखाणा छापून आणला तिनं. समदे म्हणाले नाव घे, नाव घे. भेदरली व्हती पोर. कागद उघडला अन् हाय तसा वाचला. ‘गल्लीत वाजली सावळीरामरावांच्या सायकलची घंटी!’

सुलाआत्या : अगं बाई!

धोंडाबाई : आमच्या नातवाचं नाव दिनेश हाय! अन् त्याच्याकडं सायकल नाय, ट्रॅक्टर हाय!

हर्षाली : आई गं...

धोंडाबाई : कोण हसतंय तिकडं?

सुलाआत्या : भाची आहे माझी. तिला उचकी लागलीय.

धोंडाबाई : हसू द्या. इथं सारा मांडव हसून लोळला. दिनेश तेवढा तोंड पाडून बसला. अन् त्याचा मामा असा तापट, उठला तो पाव्हण्यांत सावळीराम कोण हाय ते हुडकाया लागला.

सुलाआत्या : सापडला का कुणी?

धोंडाबाई : सापडला की! मंडपवाला! तो बिचारा हात जोडून म्हणतोय, मी नवरीला आज पयल्यांदा बघतोय हो, अन् सायकलबी इकून टाकली मी.

हर्षाली : आत्या, मला नाही सहन होत, मी बाहेर जाते...

सुलाआत्या : बस खाली. धोंडाबाई, माफ करा हो.

धोंडाबाई : माफीचं ऱ्हाऊ द्या. ह्यो सावळीराम हाय तरी कोण, तेवढं सांगा.

सुलाआत्या : माझे मालक. सातपूरला कंपनीत होते. सायकल त्यांचीच. अकरा वर्षं झाली जाऊन.

धोंडाबाई : अगं बया.

सुलाआत्या : चूक माझीच. लोकांना द्यायचे उखाणे, त्यात आपल्या माणसाचं नाव घालायला नको होतं. सुनेला बोलू नका, तिचा काही दोष नाही.

धोंडाबाई : तिला कशाला बोलू? सकाळी दिनेशनं शेजारच्या पोराची सायकल मागून आणली अन् घंटी वाजवत घराभवती चक्कर मारली. तवा कुठं ती रडायची थांबली. आता समदं गाव त्याला सावळीरामराव म्हणतंय. माणूस चांगला व्हता का तुमचा?

सुलाआत्या : लय चांगला. मला आजही वाटतं, गल्लीत घंटी वाजली की उठून दार उघडावं.

धोंडाबाई : वाटणारच. ऐका, माघात माझ्या नातीचं लगीन हाय. ते साखरेचं घर, तो सुपारीचा बामण, समदं पायजे. सुनेनं दाखवलं मला, लय नामी हाय. अन् मांडाया तुम्ही या.

सुलाआत्या : मांडायला आमची आशा येते. मी मांडवात...

धोंडाबाई : आशालाबी आणा, जेवायला दोन पानं जास्त. पण मांडणार तुम्ही. माझ्या घरचं लगीन हाय, मी सांगते. ठिवते आता.

हर्षाली : आत्या! ऑर्डर! खरीखुरी ऑर्डर! महेशदादाला फोन लाव, कबुतरं त्यालाच मोजायला सांग!

सुलाआत्या : अगं, सोड, चक्कर येईल मला, फिरवू नको! आणि आधी ते नाव काढ. सगळीकडून काढ. लोकांच्या लग्नात आमचे हे कशाला? परत एखादा मंडपवाला मार खायचा.

हर्षाली : टिंबं घालते. ‘गल्लीत वाजली टिंब टिंब टिंबरावांच्या सायकलची घंटी.’

सुलाआत्या : पोरी तेच वाचतील गं! बोहल्यावर लाजून म्हणतील, ‘टिंबरावांचं नाव घेते!’

हर्षाली : बास, बास, खरंच उचकी लागली मला. पाणी दे. हां. काढते, पण आधी हे बघ. लोक गूगलमध्ये काय टाइप करून आपल्याकडे येतात, ते इथं कळतं.

सुलाआत्या : चष्मा नाही. तूच वाच.

हर्षाली : ‘उखाणे.’ ‘मराठी उखाणे.’ ‘नवरीसाठी उखाणे.’ आणि हे बघ खाली. ‘सावळीरामराव.’

सुलाआत्या : नुसतंच?

हर्षाली : नुसतंच. काही जणींनी ‘सावळीरामराव सायकल’. रोज येतायत. एकीनं दुसरीला सांगितलं असणार.

सुलाआत्या : म्हणजे लोक ह्यांना शोधतात?

हर्षाली : हो.

सुलाआत्या : आणि सापडतात?

हर्षाली : पहिल्याच नंबरला, आत्या.

सुलाआत्या : सरक जरा. ह्यांच्या नावाचा एस कुठे आहे ते दाखव.