मायनस वीसची बाटली

मायनस वीसला ठेवायचं होतं म्हणे... कुठे ठेवायचं होतं, सांगा ना? असल्फाच्या चाळीत, आमच्या एका खोलीत, जिथे ताईच्या फोटोसमोर समई, भिंतीला टेकून नातेवाईक आणि फ्रीजमध्ये शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या आमटीचे टोप, तिथे मायनस वीस? आणि हे विचारतोय कोण, तर शौनक. माझी ताई श्रुतिका अंधेरीला पीएचडी करत होती, त्या लॅबमधला हा. ताई डेंग्यूने गेली, आणि हा तिच्या बाराव्याला दारात उभा राहून पहिला प्रश्न काय विचारतो, तर "लवू, ते पार्सल फ्रीजरमध्ये आहे ना?"

तुम्हाला सांगतो, मी त्याला जिन्यावरून ढकलणारच होतो.

पार्सलचं असं झालं... लॅबला दिवाळीची सुट्टी, म्हणून ताईनेच घरचा पत्ता दिलेला. ती गेल्यावर दोन-तीन दिवसांनी आलं, तिच्या नावाने, परदेशातून. एवढा मोठा थर्माकोलचा खोका, त्यात बर्फाच्या पिशव्या, आणि सगळ्यात आत करंगळीएवढी बाटली. वर सगळं इंग्रजी. मी आठवी नापास, मी काय वाचणार? शेजारचा विकी पुढे झाला, तो कॉलेजात जातो ना, म्हणजे नाव आहे त्याचं तिथे. बाटली नाकाजवळ धरून म्हणाला, "अँटीबॉडी. लस घेतली की होते ती." झालं. आमच्या काकाने मांडी बदलली, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बघा. औषध आलं, पण उशिरा आलं."

अख्खी खोली रडायला लागली. माझी आई तोवर ना रडली होती, ना बोलली होती. तिने ती बाटली उचलली, कपाळाला लावली आणि फोटोपुढे ठेवली, समईला चिकटून. असं बोलल्याबद्दल मी काकाची कॉलर धरली, पण बाटलीला हात नाही लावला. तुम्ही लावला असता? बर्फाच्या पिशव्या काकीने नेल्या, गुडघ्याला बांधायला. आणि हा विचारतो मायनस वीस.

"औषध नाहीये ते, काकू," शौनक म्हणाला आणि समजावायला बसला, अगदी हळूहळू, आम्ही बहिरे असल्यासारखं. अंगातल्या पेशीला उष्णता लागली की ती एक प्रोटीन बनवते, बाकीच्या प्रोटीनना मोडू न देणारं. ते काही डोळ्याला दिसत नाही. ही अँटीबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते, तेव्हा कुठे फिल्मवर एक काळी रेघ उमटते. म्हणजे लग्नाच्या गर्दीत बरोबर आपल्याच मामाला शोधून गळ्यात पडणारा पाहुणा असतो ना, तशी. इथपर्यंत कळलं मला.

मग मी विचारलं, "ताईला एकशे चार ताप होता. तेव्हा हे प्रोटीन कुठे झोपलं होतं रे?"

त्याने चष्मा काढला, पुसला. "बनलं असणार. पुरलं नाही."

एवढं शिकून हे उत्तर... मी हात उचलला होता, खरंच, पण तो रडत होता, आणि रडणाऱ्याला कुठे मारायचं ते मला कळेना.

तर त्याने लॅबच्या मोठ्या मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. मृणालिनी मॅडम. "श्रुतिकाच्या संशोधनातली एकच रेघ बाकी आहे, बाळा. नवी बाटली यायला महिने जातील, तोवर दुसरं कोणीतरी हेच छापून मोकळं होईल. मग तिचं नाव कुठेच येणार नाही." बाळा म्हणे. मी म्हटलं, "मग ताप होता तेव्हा सुट्टी का नाय दिली तिला?" तर म्हणाल्या, "दिली होती रे. तरी ती येत होती." आता यावर कोणाला शिव्या घालायच्या?

आणि आईकडून बाटली मागणार कोण? आई समईपुढे बसली होती, ती म्हणाली, "ह्यां माझ्या चेडवाचां आसा. मी देवचंय नाय." चेडू म्हणजे मुलगी, आमच्या मालवणीत. शौनक सुरू झाला, "काकू, तशीही ती खराब झाली असेल, मायनस वीसला..." मी म्हटलं, "तू अजून एकदा मायनस वीस बोल, मग बघ." मग आईच्या शेजारी बसून सांगितलं, ताईचं नाव छापून यायचंय. आईने बाटली पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. शौनकच्या नाही, माझ्या.

त्याच्या स्कूटरवर मागे बसून, बर्फाचा डबा मांडीवर धरून अंधेरीला गेलो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. रेघ आली. अगदी स्वच्छ आली. मी म्हटलं, इतके दिवस समईजवळ राहून? तर म्हणतो, "अँटीबॉडी कधीकधी चिवट असतात." मग मायनस वीस कशाला बोंबलत होतास? तर म्हणतो, "नियम आहे."

आईला सांगितलं, तर तिला काहीच नवल नाही. "चलतलीच. दिव्याकडे होती. त्येका सांग, तुमच्या बाकीच्यो बाटल्यो पण हाड. हंय ठेवूया."

मी म्हटलं, आई, सगळ्या बाटल्या इथे आणल्या तर ती लॅब बंद पडेल. पण हे शौनकला सांगायची काय गरज होती मला? रविवारी आला ना, खिशात एक बाटली घालून. मी दार अडवून उभा. तो हळूच म्हणतो, "मुदत संपलेली आहे. काकूंना सांगू नकोस."

आतून आईचा आवाज, "इलो काय तो? च्याय ठेवतंय."

मी काय करणार... घरात साखर नव्हती, दूधही नव्हतं. पिशवी घेतली आणि गेलो आणायला.