येसाबाईचा उजवा डोळा कुणाच्या हद्दीतला?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही बोटं मोडून घ्या, आता बराच वेळ माझंच तोंड वाजणार आहे! एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. दुसऱ्याचं दुःख नजरेला पडलं, की माणसानं आधी काय करावं? धावावं? की ते दुःख कुणाच्या हद्दीत येतं ते बघावं?

‘धावावं!’ — बघा, पहिल्या रांगेनं लगेच उत्तर दिलं. फार शहाणी रांग! अहो, पण गल्लीत नळ फुटला की आपण आधी काय म्हणतो? ‘तो पलीकडच्या वॉर्डाचा!’ आता हसताय! पाणी मात्र दोन्ही वॉर्डांत शिरतं, बरं का!

तर ऐका. पांढरी नदीच्या काठाला एक मोठी संस्था होती. पांढरीकाठ सेवा परिषद! पगार कुणाला नाही, सगळे हौसेचे सेवक. आणि बांधणी कशी? एकदम टापटीप! गाव तिथं शाखा. शाखेला वीस सभासद हवेत. एकोणीस झाले तर ती शाखा नव्हे, ते मित्रमंडळ! अध्यक्ष दर वर्षी नवा, खुर्चीला चिकटायचं नाही. आठ शाखांचा एक विभाग, चार विभागांची परिषद. म्हणजे शाखा किती झाल्या? अहो पेटीवाले, बोटं काय मोजताय, बत्तीस! महिन्याला सभा, वर्षाला अधिवेशन. आणि प्रत्येक शाखेला आपापली हद्द. का? तर एकाच घरी दोन शाखांनी ब्लँकेटं द्यायची आणि तिसरं घर कुडकुडत राहायचं, असं होऊ नये म्हणून. नियम चांगला होता, मंडळी. मी हसतोय म्हणून तुम्ही नियमाला हसू नका!

पण घोटाळा झाला तो रेघेत. वाघजाळी आणि धामणटेक ही शेजारशेजारची गावं. मधे जुनी गाडीवाट. ज्यानं परिषदेच्या नकाशावर हद्द आखली, त्यानं हातात घेतला जाड स्केचपेन! ओढली रेघ! आणि त्या रेघेच्या जाडीखाली काय सापडलं? एका म्हातारीचं घर! पुढचं दार वाघजाळीत, मागचा गोठा धामणटेकात, आणि चूल? चूल रेघेखाली!

ही म्हातारी म्हणजे येसाबाई खुरंगे. वय पंच्याहत्तर, एकटी, गोधड्या शिवून पोट भरणारी. तिच्या गोधडीवरचा टाका असा, की मुंगीच्या पावलांनी रांगोळी काढावी!

एकदा वावटळीत तिच्या घराचा पत्रा उडाला. गेली वाघजाळीच्या शाखेकडं. अध्यक्ष कोण? माधवराव शेडगे. हार्डवेअरचं दुकान, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी! ते म्हणाले, “येसामावशी, पत्रा उडाला तो गोठ्याकडचा. गोठा धामणटेकात. आम्ही हात लावला तर हद्दभंग होईल!”

गेली धामणटेकला. तिथले अध्यक्ष जयसिंग थोरबोले. शाळामास्तर, बारीक, काटेकोर. पाणी पितानाही समास सोडून पिणारे! ते म्हणाले, “मावशी, उडाला असेल आमच्या हद्दीतून. पण पडला कुठं? वाघजाळीत. आता तो पत्रा त्यांचा.”

आणि गंमत अशी, की हे दोघे कोण? साडू! एकाच मांडवातले जावई! सासुरवाडीला पंगतीत कधी शेजारी बसले नाहीत. मधे नेहमी एक मेव्हणा लागायचा, बांधासारखा!

येसाबाईनं आपला पत्रा आपणच ओढत आणला, वर दगड ठेवले, आणि बसली शिवत.

पुढच्या काही महिन्यांतच तिला दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा जाईना. एकदा तर गोधडीला स्वतःचा पदरच शिवून टाकला अन् उठायला गेली तर गोधडी मागून वरातीसारखी! हसा, हसा. पण सुई थांबली, की तिची चूल थांबणार होती, हेही ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी परिषदेनं जाहीर केलं — नेत्रशिबिरं घ्या! ज्या शाखेच्या शस्त्रक्रिया जास्त, तिला फिरती ढाल! झालं! बत्तीस गावांत म्हाताऱ्यांना काय भाव आला म्हणता! जो तो चष्मा दिसला की विचारतोय, “आजोबा, अंधुक दिसतं का? थोडंसं तरी?”

वाघजाळीचे झाले एकोणपन्नास. धामणटेकचे? तेही एकोणपन्नास! आता पन्नासावा डोळा आणायचा कुठून?

रविवारी सकाळी येसाबाईच्या पुढच्या दाराशी जीप थांबली. माधवराव! गोठ्याकडं स्कूटर थांबली. जयसिंगराव!

“मावशी, चला! जीपला उशी लावलीय!”

“मावशी, इकडं! माझ्याकडं हेल्मेट आहे!”

एकानं उजवा हात धरला, एकानं डावा. हा ओढतोय, तो ओढतोय! पत्रा उडाला तेव्हा जी कुणाचीच नव्हती, ती आज दोघांची!

येसाबाई ओरडली, “आरं सोडा रं! दोन डोळं हायत मला. एक तू घे, एक तू घे!”

तिनं वैतागून म्हटलं, मंडळी. पण या दोघांनी ते चक्क लिहून काढलं! उजवा डोळा वाघजाळी, डावा डोळा धामणटेक. खाली दोन अध्यक्षांच्या सह्या! डॉक्टर म्हणाले, “आधी उजवा. डावा महिन्यानं.” म्हणजे माधवराव पुढं! त्यांनी मिशीवरून असा हात फिरवला, की जयसिंगरावांना चहा कडू लागला.

शस्त्रक्रिया झाली. हार झाला, नारळ झाला, फोटो झाला. फोटोत येसाबाईपेक्षा शाखेचा फलकच मोठा! जीपनं तिला घरी सोडलं, हातात औषधाची बाटली दिली. “मावशी, दिवसातून सहा वेळा थेंब घाला हं!” आणि जीप गेली. का गेली? अहो, अहवालाच्या छापील नमुन्यात ‘शस्त्रक्रिया’ असा रकाना होता. ‘थेंब’ असा रकाना नव्हता!

आता सांगा, नीट न दिसणाऱ्या माणसानं आपल्याच डोळ्यात थेंब कसा घालायचा? येसाबाई मान वर करायची, बाटली दाबायची. थेंब कधी गालावर, कधी कानात, एकदा तर सरळ नाकात! दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक. ठणका असा, की ती भिंतीला टेकून कण्हत बसली.

जयसिंग मास्तर शाळेतून याच वाटेनं घरी जायचे. त्यांनी ते कण्हणं ऐकलं. गोठ्यापाशी थबकले. मनात काय आलं असेल? उजवा डोळा... म्हणजे वाघजाळी! नियम म्हणजे नियम! चार पावलं पुढं गेलेसुद्धा.

आणि मागं फिरले. का फिरले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत गेले, तो डोळा बघितला, आणि म्हातारीला तसंच स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर संतापले. “आणखी दोन दिवस थेंब चुकले तर हा डोळा जाईल! दिवसातून सहा वेळा, महिनाभर! घालणार कोण?”

“मी,” मास्तर म्हणाले. आणि हळूच पुढं, “पण डॉक्टरसाहेब... कुणाला सांगू नका!”

बघा मंडळी! चोरी करताना माणूस लपतो, हे ऐकलं होतं. हा सेवा करताना लपायला लागला!

तिकडं माधवरावांच्या घरी काय चाललं होतं? त्यांची बायको मालन तो फोटो बघत म्हणाली, “अहो, मावशीचा डोळा बरा आहे ना? थेंब कोण घालतं?”

माधवरावांचा घास हातातच राहिला. “घालत असेल... कुणीतरी.”

“कोण कुणीतरी? एकटी बाई ती! तुम्ही डोळा उघडून दिलात की फोटो काढून आलात?”

रात गेली तळमळत. सकाळी दुकान उघडायच्या आधी माधवराव येसाबाईच्या दारात. खाली मान. मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक! “मावशी, चुकलं. थेंब मी घालतो. पण... अध्यक्ष दुकान सोडून इथं येतो हे कळलं तर लोक हसतील. बोलू नका कुठं.”

आता खरी कमाल ऐका! येसाबाईनं याला सांगितलं का, की मास्तरही येतो? नाही! ती म्हणाली, “तू सकाळी ये, दुपारी ये, दिवेलागणीला ये. बाकीचं तीन माझं मी बघते.” आणि मास्तरांना? तेच! “शाळेआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. बाकीचं तीन माझं मी बघते!” तीन आणि तीन किती? सहा! बत्तीस शाखा सांभाळायला परिषदेला चार विभागप्रमुख लागले. येसाबाईनं एका डोळ्यावर दोन शाखा चालवल्या!

माधवराव पुढच्या दारानं यायचे, मास्तर गोठ्यातून. दोन आठवडे असं चाललं. नुसते थेंब नव्हेत हं! माधवराव येताना गरम भाकरी आणायचे. मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. जाताजाता माधवरावांनी दुकानातले खिळे आणून एक बाजू ठोकली पत्र्याची. मास्तरांनी दुसऱ्या बाजूचे ढिले दगड नीट रचले. प्रत्येकाला वाटे, दुसरं काम म्हातारीनंच केलं असणार!

आणि मग शाळेला अवचित सुट्टी लागली. मास्तर आले नऊला. बाटली उघडली, वाकले... पुढच्या दारातून माधवराव आत! दोन डोकी खाटेवर एकमेकांवर आपटली — ठक्क!

“तू? माझ्या डोळ्यात?”

“तुझा डोळा? दोन दिवस जळत होता तेव्हा कुठं होतास?”

“हद्दभंग आहे हा! परिषदेला कळवतो!” आणि रागाच्या भरात माधवरावांनी फोन लावला की!

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या अध्यक्षा स्वतः आल्या. इंदुमतीबाई लाटकर. मोठ्या दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन. तीस वर्षं परिचारिकांना धाक दाखवलेला. दोन साडू काय चीज! त्या अंगणात बसल्या. दोघं समोर उभे, हात बांधून.

“आजी, थेंब कोण घालत होतं?”

“दोघं बी.”

“मग एकमेकांना सांगितलं का नाही?”

येसाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, “सांगितलं असतं तर एक जण म्हणाला असता, दुसरा हाय की. उद्या दुसरा बी तेच म्हणाला असता. बाई, धा वर्सं झाली, माझ्या घरात दिवसातनं सहांदा कुणी ‘मावशी’ म्हणत आलं न्हवतं. डोळ्याचं निमित्त व्हतं. मला ती हाक पायजे व्हती.”

माधवराव मिशी कुरवाळायला गेले, मंडळी. हात डोळ्यांकडंच वळला. मास्तर दुसरीकडं बघायला लागले.

मग येसाबाईनं मान वर केली. उजवा डोळा आता लख्ख. दोघांना न्याहाळून बघितलं आणि फिस्सकन हसली! “आगं बया! थेंब घालणाऱ्या हातावरनं वाटलं व्हतं, आता तरी देखणी झाली असतील!”

मेट्रनबाईसुद्धा हसायला लागल्या! हसतहसतच त्यांनी पिशवीतून तो अहवालाचा छापील नमुना काढला आणि पेनानं त्यात नवीन ओळ घातली: ‘शेवटचा थेंब कुणी घातला?’ म्हणाल्या, “बत्तीसही शाखांना कळवा. शस्त्रक्रिया झाली म्हणजे शिबिर संपलं नाही. शेवटचा थेंब पडेल त्या दिवशी संपलं. आणि डावा डोळा दोघांनी मिळून करायचा.”

“पण बाई,” मास्तर चाचरले, “मग तो मोजायचा कुणाच्या नावावर?”

मेट्रनबाईंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. मास्तर म्हणाले, “नको, नको मोजायला!”

महिन्यानं डावा डोळा झाला. ढाल त्या वर्षी तिसऱ्याच गावाला गेली. आणि दोन साडू खाटेच्या दोन बाजूंना बसून भांडत होते. कशावरून? आजचा थेंब कुणाच्या पाळीचा!

तर मंडळी, मघाच्या प्रश्नाचं उत्तर मी नाही देत, त्या दोघांनी दिलं. हद्द असावी. कामाची वाटणी नीट व्हावी म्हणून असावी. पाय मागं घ्यायला नसावी. आणि आता तुमच्याकडं वळतो! माना खाली नका घालू! या मंडपात किती जण कुठल्या ना कुठल्या मंडळात आहेत, मला ठाऊक आहे. वृक्षारोपण केलंत. फार छान! त्या झाडाला पाणी घालायला कोण गेलं? रक्तदान केलंत, छान! ती रक्ताची बाटली ज्या रुग्णाला लागली, तो जगला का, विचारलंत? आजारी शेजाऱ्याला भेटून आलात. दुसऱ्यांदा कधी गेलात?

आता आरतीला उभे राहाल. राहा. पण घरी जाताना एक दार आठवा, जिथं तुम्ही एकदाच जाऊन आलात. उद्या सकाळी तिथं परत जा. हातात काही नेऊ नका. नुसतं दारात उभं राहून हाक मारा!