शशी नसलेली फायनल

लंडनमधल्या हॅरोच्या बसमध्ये मराठी कानावर पडलं आणि वरदाने पुस्तक मिटलं. पुढच्या सीटवर साठीच्या दोन मैत्रिणी बोलत होत्या.

"लंडनला ऑलिंपिक मिळालं तेव्हा तुझीच आठवण आली, शशी. कॉलेजात तू बास्केटबॉलला उतरलीस की समोरच्या टीमचे चेहरे पडायचे."

"मुलांना सांगितलं तर हसतात."

"इतक्या वर्षांनी भेटलीस म्हणून विचारते, फायनलला का नाही आलीस गं?"

"यांच्याकडचे मला बघायला आले होते. मग लग्न, इंग्लंड. माझ्यामुळे तुम्ही हरलात, ही रुखरुख जन्मभर राहिली."

"हरलो? अगं, जिंकलो आम्ही."

"माझ्याशिवाय?"

"हो."

शशीबाई सीटवरून उठल्या.

"बरं झालं," म्हणत त्यांनी बेल दाबली.

"तुझा स्टॉप पुढे आहे ना?"

"चालेन थोडी."